बुधियारिनची मूठ

पाहुणचार करावा तर आमच्या सौंसरच्या मंडळीनं. माणसाला इतक्या मायेनं उंबऱ्याशीच बसवून ठेवायची कला मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

मंडळी म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ आणि त्यात दर रविवारी जमणारी वीस घरं. मास्तर, कंपाउंडर, नर्सा, पोस्टातले एक जण, आणि लोधीखेड्याकडे संत्र्याचा बगीचा असलेले पुंडलिकराव. सगळे मराठी, सगळे इस्त्रीच्या कपड्यातले, आणि आपण चांगले लोक आहोत याबद्दल एकालाही शंका नाही. मीही त्यातलीच. मुलींच्या शाळेत मास्तरीण आणि मंडळीच्या महिला मंडळाची चिटणीस. मंडळीच्या वहीत घरांची नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यात मी नुसती बघणारी होते असं कुणी समजू नये.

देवळाच्या दाराशी, आत शिरताना डाव्या हाताला, एक मोठं मडकं असे. आमच्यात घरची बाई रोज दळणाला नाहीतर शिजवायला धान्य घेताना आधी एक मूठ बाजूला काढते. ती देवाची मूठ. आठवड्याच्या मुठी रविवारी आणून त्या मडक्यात ओतायच्या. त्यावर पाळकसाहेबांचं घर चाले, आणि उरलेलं गरिबांना जाई. कुठं लिहिलेला नव्हता, पण नियम पक्का होता. जिची मूठ मडक्यात पडली तिचं घर मंडळीचं. मग मी त्या घराचं नाव वहीत लिहायचं. वहीत नाव आलं की पोरांची लग्नं देवळात, नाताळच्या स्वयंपाकात पाळी, पंच निवडताना मत, आणि शेवटी रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या कबरस्तानात जागा.

कबरस्तानाबद्दल सांगायलाच हवं. ते चांगलं ऐसपैस होतं आणि अर्धंअधिक रिकामं होतं. पण रिकामं म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या लोकांनी आपापल्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या. सिनेमाच्या खुर्चीवर रुमाल टाकतात ना, तसं इथं चुना फासलेले दगड. रामाजी मास्तर म्हणजे मंडळीचे मुख्य पंच, मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी कडुलिंबाच्या सावलीतली जागा धरली होती, शेजारी बायको केसरबाईची. वर्षातून दोनदा ते स्वतः जाऊन दगडांना चुना लावून येत. माझाही एक दगड होता, भिंतीजवळ. तेव्हा मी तिशीची होते.

चौपन्न साली पावसाळा सरला आणि मँगनीजच्या खाणीवर छत्तीसगढची माणसं कामाला आली. त्यात नऊ घरं ख्रिस्ती निघाली. रायपूरच्याही पलीकडच्या गावांतली, आज्या-पणज्यापासून ख्रिस्ती, म्हणजे आमच्यातल्या निम्म्या घरांपेक्षा जुनी. एका रविवारी ती माणसं दोन कोस चालत आली आणि उपासना चालू असताना दारात येऊन उभी राहिली. पायाला खाणीची काळी माती, बायांच्या अंगावर गोंदण, एकाच्या गळ्यात मांदर नावाचा ढोल.

आमचे येशुदास पाळक भले गृहस्थ. भले म्हणजे कुणालाच नाही न म्हणणारे, विशेषतः रामाजी मास्तरांना. त्यांनी प्रवचन थांबवलं आणि हात जोडले. रामाजी उठले आणि परभाषिक बांधवांचं स्वागत या विषयावर अर्धा तास बोलले. त्या बांधवांना त्यातलं किती कळलं ते देव जाणे. पुढच्या रविवारपर्यंत केसरबाईंनी एका कापडावर दोन पोपट आणि मधे 'सुस्वागतम' असं भरतकाम करून ते दारावर लावलं. त्याच्या खाली एक नवी सतरंजी अंथरली. पाहुण्यांची सतरंजी. ती दाराच्या आत होती, पण जेमतेम. पावसात तिचं टोक भिजे.

त्या दुसऱ्या रविवारी उपासना संपली, बायका मडक्याकडे वळल्या, आणि त्या रांगेत एक म्हातारी येऊन उभी राहिली. बुधियारिन तिचं नाव. खाणीवरच्या मनबोधची आई. उंचीनं एवढीशी, हातावर कोपरापर्यंत गोंदलेली. तिनं पदराची गाठ सोडली. आत तांदूळ होता. खाणीवर ती माणसं ज्वारीच खात, कारण तांदूळ आमच्याकडे महाग. पण देवाची मूठ तिनं तांदळाचीच आणली होती.

"ये मोर मुठा ए, दाई," म्हणाली. ही माझी मूठ, आई.

केसरबाईंनी पटकन मडक्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नाई नाई बाई, असं नोका करू. तुमी तं पाव्हने. पाव्हन्याचं कोनी घेते काय?"

आणि एवढ्यावर थांबतील त्या केसरबाई कसल्या. त्यांनी मडक्यात हात घालून दोन ओंजळी ज्वारी काढली आणि म्हातारीच्या पदरात टाकली. बायकांनी एकमेकींकडे कौतुकानं पाहिलं. मीही पाहिलं. म्हातारी एका हातात तांदूळ आणि पदरात ज्वारी घेऊन उभी होती. द्यायला आली होती आणि घेऊन चालली होती, आणि यात आपलं काय चुकलं ते तिला उमगत नव्हतं.

पुढं हे दर रविवारी झालं. दर रविवारी ती गाठ सोडे, केसरबाई हात आडवा धरत, आणि ज्वारी पदरात पडे. चार-सहा महिन्यांनी केसरबाईंना ते तोंडानं सांगायचीही गरज राहिली नाही. हात आपला आपण मडक्यावर जाई.

तशी आम्ही त्यांची हौस फार केली. नाताळला त्यांना मांदर वाजवून एक गीत म्हणायला लावलं. एकच. त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'पाहुण्यांचे गीत'. जेवणाच्या पंगतीत त्यांना पहिलं बसवलं, आग्रह कर करून वाढलं. त्यांच्या बाया स्वयंपाकाला हात लावायला उठल्या तर आमच्या बायांनी त्यांना खांदे धरून खाली बसवलं. मनबोधची बायको सुकवारो पुन्हा पुन्हा उठे आणि पुन्हा पुन्हा बसवली जाई. मग रामाजींनी मिशनच्या मासिकात लेख लिहिला, की सौंसरची मंडळी लहान असली तरी तिचं हृदय मोठं आहे. लेखासोबत फोटो छापला. फोटोत रामाजी मधे आणि नऊ घरं त्यांच्या पायाशी.

दोन वर्षं ती माणसं पाहुणीच राहिली. जगात कुठल्या पाहुण्याला एवढा मोठा मुक्काम घडला नसेल.

छप्पनच्या उन्हाळ्यात बुधियारिन मला शाळेत भेटायला आली. एकटी, भर उन्हात चालत. व्हरांड्यात बसली, पाणी प्याली, आणि मग कामाचं बोलली. तोवर तिची बोली मला समजू लागली होती.

"नोनी," म्हणाली. नोनी म्हणजे पोरी. "मोला इहें माटी देहू."

मला इथं माती द्या. आमच्याकडेही तसंच म्हणतात, त्यामुळे अर्थ विचारायची गरज पडली नाही. तिची छाती कफानं भरली होती, खोकला थांबत नव्हता. गावाकडं तिचं कुणी उरलं नव्हतं. नवरा एका गावी पुरला होता, दोन लेकरं दुसऱ्या गावी, जिथं काम लागलं तिथं. खाणीजवळ नको, म्हणाली. खाण सरकत सरकत येते आणि कबर खणून नेते. तिनं तसं होताना पाहिलं होतं. देवळाच्या जागेत तिला पडायचं होतं, चार आपल्या माणसांत. आणि त्यासाठी मूठ मडक्यात पडावी लागते हेही तिला बरोबर ठाऊक होतं. तिच्या गावच्या देवळातही मडकं होतंच.

"मैं पहुना नई हंव," म्हणाली. मी पाहुणी नाही.

मग सांगितलं की न घेतलेल्या मुठी तिनं खाल्ल्या नाहीत. एकदा देवाला काढलेलं खायचं नाही. दर रविवारची मूठ घरी नेऊन एका गाठोड्यात ठेवली आहे, आत कडुलिंबाचा पाला घालून. ती सौंसरच्या मडक्याची आहे.

मी म्हटलं, पंचांना विचारते.

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. दौत समोर होती. एक नाव लिहायला कितीसा वेळ लागतो? पण मी म्हटलं, विचारते. आमच्या मंडळीत हा शब्द फार चाले.

पंचांच्या सभेत मी विषय काढला. रामाजींनी डोळे मिटून ऐकलं.

"उर्मिलाबाई, तुमची कळकळ मी समजून राहिलो," म्हणाले. "पण ते लोक आज हाय, उद्या नाई. उद्या खान बंद झाली का चालले. त्यायले इथं असं बांधून ठेवनं म्हनजे त्यायच्यावरच अन्याव. आपन त्यायले पाव्हने म्हनूनच मान देऊ."

"आनं मंग नऊ घरं मतं टाकतीन," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा हा एक गुण होता. रामाजी जे चार वाक्यांत लपवत ते ते एका वाक्यात सांगून टाकत.

येशुदास पाळक खिडकीबाहेर पाहत होते. ठराव झाला की विषय पुढच्या सभेत घ्यावा. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

सप्टेंबरात बुधियारिन गेली. मनबोध आणि आणखी दोघे सकाळीच पाळकांकडे आले. पाळकांनी त्यांना रामाजींकडे पाठवलं. रामाजींनी मलाही बोलावून घेतलं, वही घेऊन. वहीत नाव नाही हे मी दाखवावं म्हणून. दाखवण्यासारखं काही नव्हतं, तेच दाखवायचं होतं.

रामाजी फार गोड बोलले. मनबोधच्या पाठीवर हात ठेवला. कबरस्तानातल्या जागा सगळ्या धरलेल्या आहेत, म्हणाले, त्यांचा नाइलाज आहे. मातीच्या वेळी मात्र पाळकसाहेब येतील, आणि फुलं मंडळीकडून. केसरबाईंनी आतून दोन पायली ज्वारी आणून दिली, घरात सुतक आहे, चार माणसं येतील म्हणून.

मनबोधनं ज्वारी घेतली नाही. ती पायरीवरच राहिली. त्यानं मला विचारलं, "बहिनी, सबो जघा धरे हें? सबो मर गे हें का?" सगळ्या जागा धरल्यात? सगळे मेले आहेत का?

मी वहीकडे पाहत राहिले. तिच्यात काय होतं पाहण्यासारखं?

म्हातारीला झोपड्यांच्या मागं, नाल्याच्या काठी मोहाच्या झाडाखाली माती दिली. पाळक गेले, फुलंही गेली. पुढच्या रविवारपासून ती नऊ घरं देवळात आली नाहीत. सतरंजी अंथरलेली असे, आणि तिच्यावर कुणी नसे. केसरबाई म्हणाल्या, "पाहा, एवढं करूनई लोकायले त्याचं काई नाई." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. हेच तर संतापाचं आहे. ढोंगी माणसाशी भांडता येतं. केसरबाई ढोंगी नव्हत्या.

मग नोव्हेंबर उजाडला आणि राज्यांची फिरवाफिरव झाली. इतके दिवस आमची राजधानी नागपूर. आमचे नातेवाईक नागपुरात, आमचा दवाखाना नागपुरात, पोरींची स्थळं नागपूरची. आता नागपूर, वर्धा, अमरावती सगळं मुंबईकडे गेलं, आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातलं आमचं सौंसर आणि पांढुर्णा, मागं राहिलं. राजधानी भोपाळ. कारभार हिंदीत. ते भोपाळ आमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी उपासनेनंतर सभा भरली. लोक खरंच हादरले होते. कंपाउंडरना कागद हिंदीत भरायची चिंता, मास्तरांना शाळेची. रामाजी उठले. 

"आपली बोली कोनी इचारनार नाई," म्हणाले. "आपल्याले एका कोपऱ्यात बसवतीन, गोड बोलतीन, आन हातात काई देनार नाई. अरे, आपन आपल्याच घरात पाव्हने झालो."

मला हसू आलं. आवरायला हवं होतं, आवरलं नाही. चांगली मोठ्यानं हसले. पंचवीस-तीस माना माझ्याकडे वळल्या. केसरबाईंना वाटलं मला रडू कोसळलं, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. एकालाही, अगदी एकालाही दारापाशी रिकामी पडलेली ती सतरंजी दिसली नाही. रामाजी तिच्यापासून चार हातांवर उभे राहून बोलत होते.

नोकरदार घरांनी नागपूरची बदली मागून घेतली. तीन महिन्यांत सहा घरं गेली. त्यांचे चुन्याचे दगड मात्र कबरस्तानात तसेच राहिले. जाताना कुणी म्हटलं नाही की माझी जागा आता दुसऱ्याला द्या. मी पोस्टातल्या दत्तात्रयरावांना विचारलंही. ते म्हणाले, "असू द्या. काय सांगता येते."

फेब्रुवारीत मिशनच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. नव्या व्यवस्थेत वीस घरांपेक्षा लहान मंडळ्यांना वेगळा पाळक मिळणार नाही. अशा मंडळ्या छिंदवाड्याला जोडण्यात येतील. महिन्यातून एकदा तिथला पाळक येईल आणि उपासना हिंदीत होईल. वहीत घरं किती ते मार्चअखेरपर्यंत कळवावं.

घरं चौदा उरली होती. येशुदास पाळकांचं तोंड उतरलं, त्यांना चार मुलं होती. रामाजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"उर्मिलाबाई, चौदा आनं नऊ किती?"

हे त्यांनी मला विचारलं. हेडमास्तर होते, त्यांना येत असणार.

मार्चच्या शेवटी आम्ही खाणीवर निघालो. रामाजी, केसरबाई, पाळक आणि मी. पुंडलिकरावांनी बैलांचं खाचर दिलं. मी वही घेतली. केसरबाईंनी काय घेतलं? मडकं. देवळाच्या दाराशी पंचवीस वर्षं न हललेलं ते मडकं खाचरात गवतावर बसवलं, आणि रस्ताभर दोन्ही हातांनी धरून त्या बसल्या. नऊ बायांनी तिथल्या तिथं मूठ टाकली की नऊ घरं मंडळीची. नियमानं. पुन्हा त्यांना देवळापर्यंत चालायचा त्रास नको.

"आपन त्यायच्यासाठी जाऊन राहिलो, हे त्यायले कळू द्या," रामाजी वाटेत दोनदा म्हणाले. आपण त्यांच्याकडे मागायला चाललो आहोत हे त्यांना स्वतःला कळू द्यायचं नव्हतं.

झोपड्यांपुढं सुकवारो मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं आम्हाला पाहिलं, उठून हात धुतले, पाणी आणून दिलं. गोधडी अंथरली. मनबोध आला, इतर घरची माणसंही जमली. रामाजींनी खाकरून सुरुवात केली. नवं राज्य आलं आहे. आता भेदभाव राहिला नाही. मंडळीनं ठरवलं आहे की तुम्हाला पाहुणे म्हणून दूर न ठेवता घरचं म्हणून उराशी धरावं. आजच. आत्ता.

केसरबाईंनी मडक्यावरचं फडकं काढलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या, अगदी मोकळे. "टाक वं बाई," सुकवारोला म्हणाल्या. "आता कायचा संकोच."

सुकवारो आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेवर गाठोडं होतं, लहान लेकरासारखं धरलेलं. तिनं ते मडक्यापाशी ठेवलं, गाठ सोडली, वाळलेला कडुलिंबाचा पाला वेचून बाजूला काढला. आणि ओंजळीनं तांदूळ मडक्यात घालायला लागली. घाई केली नाही. खाली सांडलेला दाणा उचलून घाली. दोन वर्षांच्या मुठी होत्या त्या. मडक्याचा गळा भरेपर्यंत आम्ही चौघं नुसतं पाहत बसलो. पाळकसाहेबांनी टोपी काढली.

"हे सासूचं," ती म्हणाली. खाणीवरच्या इतर बायांकडून ती एव्हाना आमची बोली शिकली होती. "तिनं सांगतलं होतं, सौंसरच्या मडक्याचं हाय, तिकडंच दे. मी येनारच होती कधीतरी घेऊन. तुमीच मडकं घेऊन आले."

"आनं तुही मूठ?" केसरबाईंनी विचारलं. "बाकीच्यांच्या?"

सुकवारोनं नाल्याकडे बोट दाखवलं. मोहाच्या झाडाखाली, मातीच्या उंचवट्याशेजारी, एक मडकं होतं. लहान, नवं, वर झाकण.

"आमच्या त्या मडक्यात पडते. दर इतवारी."

रामाजी पुन्हा बोलले. खूप बोलले. पाळकांच्या लेकरांचं बोलले, देवळाचं बोलले, हिंदी पाळक कसा परका वाटेल तेही बोलले. मनबोध शेवटपर्यंत ऐकत होता. मग साधेपणानं म्हणाला, "हमन ला परका नई लगय, गुरुजी." आम्हाला नाही वाटणार. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रामाजींना रागाला उत्तर देता येत होतं.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. केसरबाई हात लावायला उठल्या, तर सुकवारोनं त्यांना खांदे धरून खाली बसवलं. "तुमी पाव्हने," म्हणाली. केसरबाई बसल्या. ताटातली भाकर त्यांनी मोडली, पण घास हातातच राहिला. बाईंना कधी नव्हे ते काहीतरी लागलं होतं. मला त्यांची दया आली नाही. आज येते थोडी.

जेवून आम्ही परत निघालो. देऊळ दिसायला लागलं तेव्हा रामाजी म्हणाले, "मूठ पडली, हे तं खरं हाय ना? मडकं भरलं. उर्मिलाबाई, नऊ घरं लिहा. कचेरी काई मोजाले येत नाई."

मी गुडघ्यावर वही उघडली. हिंदकळणाऱ्या खाचरात जमेल तसं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढं धरली. चौदा घरांच्या खाली पंधरावं नाव. बुधियारिनबाई.

"मूठ हिची पडली," मी म्हटलं. "नियमानं ही घरची. आता हिला कबरस्तानात जागा दाखवा. नागपूरवाल्यांचे सहा दगड मोकळे आहेत."

रामाजींनी ते नाव वाचलं आणि वही मिटून मला परत दिली. चष्मा पुसायला घेतला. घरापर्यंत ते चष्माच पुसत होते.

पंधरा घरं कळवली. पंधरानं भागत नव्हतं. जूनपासून आमची मंडळी छिंदवाड्याला जोडली गेली, येशुदास पाळक बिऱ्हाड उचलून बुलडाण्याकडे गेले. महिन्यातून एकदा हिंदी उपासना होई आणि रामाजी पहिल्या बाकावर ताठ बसून एक शब्द न गाता परत येत. तो तांदूळ महिनाभर मडक्यात पडून होता. तो शिजवायचा कुणाला धीर होईना. शेवटी गरिबांना वाटला.

नाव लिहून मी फार मोठं काही केलं असं कुणी समजू नये. जिवंतपणी लिहायचं होतं ते मी मेल्यावर लिहिलं. तेही रामाजींना बोचावं म्हणून निम्मं.

पावसाळ्याआधीच्या एका रविवारी मी खाणीवर गेले. एकटी, पायी. भर उन्हात दोन कोस म्हणजे किती ते त्या दिवशी कळलं. मोहाखाली त्यांची उपासना संपत आली होती. मांदर वाजत होता, आणि त्यांनी एकच गीत म्हणून थांबवलं नाही. संपल्यावर बाया मडक्यापाशी गेल्या. मीही रांगेत उभी राहिले. पदरात एक मूठ ज्वारी बांधून आणली होती.

माझी पाळी आली. गाठ सोडली, मूठ भरून घेतली, आणि ती मला उघडता येईना. माझी नजर सुकवारोच्या हातावर होती. ती मडक्याच्या शेजारीच बसली होती, आणि तिचा हात उठला होता. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

"ज्वारी आहे," मी म्हटलं. "चालते?"

तिनं मडक्यावर अर्धवट आलेलं झाकण पूर्ण बाजूला केलं.

"घाल," म्हणाली, आणि मागच्या बाईला जागा व्हावी म्हणून जरा सरकून बसली.